कॅनव्हासचे ओले वजन

गेल्या वर्षी मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, माझ्या थोरल्या भावाने भरलेला चाळीस फुटी कंटेनर बंदराच्या फाटकाजवळच्या वजनकाट्यावर अडवण्यात आला. कागदावरचे वजन आणि काट्यावरचे वजन यांत दीड टनाचा फरक होता. कागदावरचे जास्त होते. दुरुस्त कागद पोचले तोवर त्या जहाजासाठी कंटेनर घेणे बंद झाले होते. जहाज शुक्रवारी पहाटे सुटले. पुढचे जहाज पंधरा दिवसांनी होते.

कंटेनरमध्ये साठ तंबू, त्यांचे लोखंडी खांब आणि चाकांवर ओढत नेता येतील असे दोन भटारखाने होते. माल वाळूजच्या एका लहान कारखान्यात तयार झाला होता आणि आफ्रिकेतल्या शांतिसेनेच्या एका तळावर जायचा होता. तिथे आपल्या सैन्याची एक तुकडी होती. तिकडचा पावसाळा सुरू होण्याआधी तंबू उभे राहावेत, असे कारखान्याच्या पत्रात लिहिले होते.

भावाची नोकरी राहणार की जाणार, हे त्याच महिन्याच्या अखेरीस ठरायचे होते.

तो तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. सैन्याच्या पुरवठा खात्यात चोवीस वर्षे काढून तो हवालदार म्हणून निवृत्त झाला. आमच्या घरातला तो तिसरा फौजी. आजोबा आणि एक चुलते त्याच्या आधीचे. चोवीसपैकी सहा वर्षे त्याने मुंबईच्या बंदरात काढली, सैन्याचा माल जहाजावर चढवणाऱ्या तुकडीत. निवृत्तीनंतर आठ वर्षे एका कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षक होता. त्या नोकरीबद्दल तो कधी काही बोलला नाही. मग दौलताबादच्या बाजूला रेल्वेमार्गालगत असलेल्या कंटेनर डेपोत त्याला भरणी-पर्यवेक्षक म्हणून घेतले. करार वर्षाचा, दर एप्रिलला नवा. अशी सात वर्षे झाली होती.

समुद्र आमच्या शहरापासून साडेतीनशे किलोमीटरवर आहे. कारखान्यांचा माल डेपोत येतो, तिथे कंटेनरमध्ये भरला जातो, सीमाशुल्काचे कागद तिथेच पुरे होतात आणि सीलबंद कंटेनर मालगाडीने किंवा ट्रेलरने बंदराला जातात. आत काय कुठे ठेवायचे, कशाने बांधायचे, वजन किती लिहायचे, हे भाऊ पाहत असे. सील लावताना तो स्वतः दाराशी उभा राही. पुंडलिकनगरातून सकाळी सातला मोटारसायकलने निघे, पँटला इस्त्री असे. डेपोत त्याला सगळे मेजर म्हणत. तो मेजर नव्हता, हे त्याने पहिल्याच आठवड्यात सांगून पाहिले होते. त्याचा उपयोग झाला नाही.

बदल त्याआधी दोन वर्षे सुरू झाला. तोपर्यंत एका जहाज कंपनीची मध्यम आकाराची जहाजे आठवड्यातून दोनदा आपल्या किनाऱ्यावरून आफ्रिकेकडे जात. कंपनीने ती काढून घेतली आणि त्यांच्या जागी एकच, बरेच मोठे जहाज लावले. ते एक गुरुवार सोडून दुसऱ्या गुरुवारी येणार होते. वाटेतली लहान बंदरे ते घेणार नव्हते. त्या बंदरांचा माल कोलंबोला उतरवून दुसऱ्या, लहान जहाजावर चढवला जाणार होता. कंपनीचे एक पानी पत्रक वर्तमानपत्राच्या कचेरीत माझ्या टेबलावर आले. मी उद्योगाचे पान पाहत असे. एका स्तंभाची बातमी केली. एका कंटेनरमागे वाहतूक स्वस्त पडेल, असे पत्रकात होते, आणि ते खरे होते.

डेपोत काय झाले ते मी पुढे कित्येकदा जाऊन पाहिले. पूर्वी तिथे रोज थोडे थोडे काम असे. आता दहा दिवस आवार मोकळे राही. कंटेनर उचलणारे यंत्र सावलीत उभे, त्याचा चालक त्याच्याच चाकाला टेकून झोपलेला. मग चार दिवस ट्रकची रांग फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंत लागे आणि माणसे कमी पडत. माल भरणारे आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे होते, बरेचसे मेंढपाळ घरांतले. त्यांचा मुकादम दौलताबादचा, पन्नाशीचा, घरी अजून चाळीसेक मेंढरे असलेला. रोजचे काम गेले तशी त्याची माणसे कांद्याच्या शेतांवर जाऊ लागली. मोठ्या जहाजाच्या चार दिवसांत त्यांना गोळा करायला तो मोटारसायकलवरून वस्त्या धुंडाळत फिरे.

“मेंढरं बी रोज चरत्यात, मेजर,” तो एकदा माझ्यासमोरच भावाला म्हणाला. “तुमचं जहाज पंधरा दिसातून एकदाच चरतंय. असलं जनावर कुणी पाळत नाय.”

“माझं कुठंय जहाज?”

“मग कुणाचंय? आमच्यात तर समुद्र बघितलेला तुम्हीच एकले.”

गेल्या वर्षी जानेवारीत रविवारच्या पुरवणीसाठी मोठ्या जहाजांवर लेख करायचा होता. बंदराचे दोन अधिकारी आणि एक मालवाहतूक दलाल फोनवर बोलले. डेपोतला माणूस म्हणून मी भावाशी बोलले. नाव द्यायचे नाही, ‘एक माजी सैनिक’ एवढेच लिहायचे, असे आमच्यात ठरले. त्याच्या स्वयंपाकघरात आम्ही दोन तास बसलो. वहिनी मेथी निवडत होती.

“पेपरात फोटो येणार व्हय?” तिने विचारले.

“नाव पण येणार नाही, वहिनी.”

“मंग कशाला एवढं बोलू राहिले? मला तर चार शब्द बोलत नाय दिसभर.”

भाऊ हसला आणि पुढे बोलत राहिला. त्याच्या वेळची जहाजे लहान होती. त्यांच्यावरच त्यांच्या क्रेन असत. बेटांवरच्या तुकड्यांसाठी पीठ, तेल, सिमेंट, तंबू, कधी जीप. जहाजाचा अधिकारी खडू घेऊन डेकवर उभा राही आणि कुठली रास कुठे जाईल ते फळीवर रेघा मारून सांगे. आधी लागणारा माल शेवटी चढवायचा, म्हणजे तो पहिला उतरतो. किनाऱ्यावर धक्का नसला तरी चालून जाई. जहाज लांब उभे करून होड्यांतून माल उतरवत.

“आता एवढं मोठं जहाज,” तो म्हणाला. “त्याला खोल पाणी पायजे. तेवढी उंच क्रेन पायजे. देशात अशी बंदरं किती? हातावर मोजायची. लहान जहाजं भंगारात चालली. जुने धक्के गाळानं भरले. उद्या फौजेला घाई लागली तर फौजेचा डबा बी त्याच रांगेत, खेळण्यांच्या आन् टायरांच्या मागं. आन् रणगाडा तर डब्यात मावतच नाय. त्याला येगळं जहाज लागतं. ते कुठून आणायचं?”

“हे वरचे लोक पाहत असतील ना?”

“पाहत असतील. मी आपला सांगू राहिलो, बाई. मला कुणी विचारलं नाय.”

मग त्याने वजनाची गोष्ट सांगितली. ती मी आधी ऐकलेली नव्हती. तो बावीस वर्षांचा असताना, पावसाळ्यात, धक्क्यावर तंबूंचे गठ्ठे दोन दिवस भिजत पडले होते. यादीत वजन होते ते कोरड्या तंबूंचे. क्रेनच्या जाळीत नेहमीइतकेच गठ्ठे घातले गेले. जाळी माणसाच्या डोक्याएवढी वर गेली आणि तुटली. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या शिपायाचा पाय घोट्यातून गेला. त्या दिवसापासून त्यांच्या सुभेदाराने नियम केला: कॅनव्हास कोणत्याही महिन्यात चढवा, वजन ओल्याचे लिहा. एका तंबूमागे पंचवीस किलो जास्त. त्या तुकडीत पुढे सगळ्यांनी तो नियम पाळला. भावाने तो डेपोतही आणला होता. ताडपत्र्या, गालिचे, दोरखंड, जे पाणी धरते त्याचे तो ओले वजन धरत असे. बहुतेक वेळा डेपोतल्या काट्यावर भरलेला कंटेनर जाई आणि कागदावर काट्याचाच आकडा येई, त्यामुळे भावाच्या बेरजेने कुणाचे काही बिघडत नव्हते.

“जास्तीचं लिहिलं तर कुणाचा पाय जात नाय,” तो म्हणाला.

लेख साडेबाराशे शब्दांचा झाला. पानावर नऊशेची जागा होती. संपादकांनी सैन्याचा भाग काढायला सांगितला. वाचक उद्योजक आहेत, त्यांना फौजेचे काय, असे ते म्हणाले. मी तो काढला. ओल्या वजनाचा परिच्छेद ठेवला, कारण तो वाचनीय होता. त्याच्या शेवटी एक वाक्य होते: ‘जहाजे बदलली, तरी अशा अनुभवी हातांचे मोल बदललेले नाही.’ ते वाक्य माझे होते. भाऊ तसे काही म्हणाला नव्हता.

डेपोच्या व्यवस्थापकांनी ते कात्रण सूचनाफलकावर लावले. पुढच्या भेटीत मी ते तिथे पाहिले, फोन नंबरांच्या यादीशेजारी, चार टाचण्यांनी लावलेले.

फेब्रुवारीत व्यवस्थापकांनी दोन्ही भरणी-पर्यवेक्षकांना बोलावले. दुसरा पर्यवेक्षक गंगापूरहून येणारा, चाळिशीचा, संगणकावर हात बसलेला माणूस होता. पंधरा दिवसांतून चार दिवसांच्या कामाला दोन पर्यवेक्षक परवडत नाहीत, एप्रिलपासून एकच राहील, असे त्यांना सांगण्यात आले. मार्चअखेरपर्यंत ज्याच्या भरणीवर हरकत येणार नाही त्याचा विचार आधी होईल. व्यवस्थापक सभ्य मनुष्य होते. त्यांनी हे दोघांना एकत्र, चहा देऊन सांगितले.

त्या रात्री जेवताना भावाने वहिनीला ते सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी वहिनीने मला. “पेन्शन हाये, पोटाचं काय नाय,” ती फोनवर म्हणाली. “पर घरी बसले तर हे माणूस काय करंल? कंपनीच्या गेटवर आठ वर्षं कशी काढली ते मी बघितलंय. तोंडात जीभ नव्हती.”

तंबूंचा माल मार्चच्या पहिल्या सोमवारी डेपोत आला. कारखान्याचा मालक स्वतः टेम्पोबरोबर आला होता. त्याची ती सैन्याची पहिली मागणी होती. माल पाहून भावाने गठ्ठ्यांवर हात फिरवला, शिवण उलटून पाहिली आणि मालकाला विचारले की खुंट्या वेगळ्या पोत्यात का बांधल्या. मालक म्हणाला, मोजायला सोप्या. भावाने सगळी पोती सोडायला लावली आणि प्रत्येक तंबूच्या गठ्ठ्यात त्याच्या त्याच्या खुंट्या घालून घेतल्या. त्यात अख्खा दिवस गेला. मुकादमाची माणसे कुरकुरली.

“मेजर, तंबू आपल्याला ऱ्हायचेत का?” मुकादमाने विचारले.

“अंधारात उतरवला तर खुंट्या हुडकायच्या का त्यांनी?”

“आपल्याला काय मालूम तिकडं अंधार हाये का उजेड.”

“मला मालूम हाये.”

कंटेनर भरायला आणखी दीड दिवस लागला. भटारखाने आत, मग खांब, मग तंबू आणि दाराशी दोन भटारखान्यांना लागणारी पातेली व पाण्याच्या टाक्या. भावाने सात वर्षांत अशी भरणी पहिल्यांदाच केली, असे मुकादम म्हणाला. म्हणजे एवढी मन लावून.

डेपोचा वजनकाटा त्या आठवड्यात बंद होता. त्याच्या तपासणीची मुदत संपली होती आणि तपासनीस सोमवारी यायचे ते आले नव्हते. काटा बंद असला की दुसरी मान्य पद्धत वापरतात: आतल्या प्रत्येक वस्तूचे वजन आणि रिकाम्या कंटेनरचे वजन यांची बेरीज. भावाने बेरीज केली. तंबू साठ होते. कारखान्याच्या यादीत कोरडे वजन होते, ते त्याने पाहिले आणि बाजूला ठेवले. कारकुनाने त्याच्या कागदावरचा आकडा संगणकात भरला. मोठ्या जहाजावर कुठला कंटेनर कुठे आणि किती खाली बसवायचा, हे त्या आकड्यांवरून आधीच ठरते. म्हणून आकडे जहाज यायच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात, आणि नंतर ते फार बदलू देत नाहीत. पूर्वीच्या जहाजांना हे नियम नव्हते असे नाही. पण तेव्हा चुकलेला कंटेनर सोमवारी किंवा गुरुवारी जाई.

मालगाडी भरलेली होती, म्हणून कंटेनर बुधवारी दुपारी ट्रेलरने निघाला. तो गुरुवारी सकाळी अडला. डेपोला फोन अकरा वाजता आला.

व्यवस्थापकांच्या खोलीत काय झाले ते मला मुकादमाने सांगितले. तो दारात उभा होता. भावाने नंतर त्याला दुजोरा दिला.

व्यवस्थापकांनी आधी कारकुनाला विचारले. कारकून म्हणाला, कागदावर होता तो आकडा टाकला. गंगापूरचा पर्यवेक्षक तिथेच होता.

“मी काढला आकडा,” भाऊ म्हणाला. “कॅनव्हास ओला धरला.”

“ओला? मार्चमध्ये?”

“व्हय.”

“बाहेर ऊन बघितलं का हवालदार?”

“साहेब, माल तिकडं पावसात उतरणार. उचलणाऱ्याला वजन ठाव पायजे.”

“तिकडचं तिकडं. इथल्या काट्याला मी काय सांगू? त्याला पाऊस दिसतो का?”

व्यवस्थापकांनी कारखान्याची यादी मागवली. यादीतले वजन काट्याच्या वजनाशी जवळजवळ जुळत होते. तो आकडा लिहिला असता तर कंटेनर गेला असता. दुरुस्त कागद साडेबाराला पाठवला गेला. बंदराकडून उत्तर आले की जहाजाची यादी बंद झाली आहे.

बाहेर आल्यावर मुकादम भावाला म्हणाला, “गप ऱ्हायला असता तर कारखान्यावर गेलं असतं. म्हणता आलं असतं त्यानं चुकीचं सांगितलं.”

“त्याची यादी बरोबर होती.”

“ते तुम्हाला मालूम. सायबाला कुठं मालूम होतं?”

“सायबाला बी मालूम होतं. फळ्यावर कात्रण लावलंय ना.”

शुक्रवारी मी डेपोत गेले. बातमीसाठी गेले नव्हते. सूचनाफलकावर फोन नंबरांची यादी होती, तिच्या शेजारी चार टाचण्यांची भोके होती. कात्रण कुणी काढले ते कळले नाही. गंगापूरचा पर्यवेक्षक भावाशेजारी बसला होता. “मेजर, एकदा मला दाखवायचं ना,” तो म्हणाला. “दोघांनी बघितलं असतं तर आलं असतं ध्यानात.” भाऊ म्हणाला, “तू तुझ्या भरणीवर होता.” त्यात खोटे काही नव्हते. मग दोघांनी एकाच डब्यातली भाजी वाटून खाल्ली.

परत येताना भाऊ माझ्या स्कूटरवर मागे बसला. त्याची मोटारसायकल दुरुस्तीला होती.

“लेखात लिहायला नको होतं का ते?” मी विचारले.

“तू खरंच लिहिलं व्हतं.”

“तरी.”

“गाडी बघून चालव.”

लेखात तथ्याची चूक नव्हती, म्हणून खुलासा छापण्याचा प्रश्न आला नाही.

मार्चच्या चौथ्या गुरुवारी कंटेनर मोठ्या जहाजावर चढला. या वेळी वजन कोरड्याचे लिहिले होते. ते गंगापूरच्या पर्यवेक्षकाने भरले, भावाने सही केली. एकतीस मार्चला संध्याकाळी व्यवस्थापकांनी भावाला खोलीत बोलावून करार पुढे चालू ठेवता येत नसल्याचे सांगितले आणि अनुभवाचे प्रमाणपत्र दिले. प्रमाणपत्रात ‘सचोटी’ हा शब्द होता. मुकादमाने आणि त्याच्या माणसांनी नारळ, शाल आणि एक स्टीलची पाण्याची बाटली दिली. भावाने आपले गेटकार्ड स्वतःच चौकीत जमा केले आणि पावती घेतली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याने घराच्या माळ्यावरचे सगळे सामान खाली उतरवले आणि पुन्हा लावले. नंतर स्वयंपाकघरातल्या फळ्या. नेहमी लागणारे पुढे, सणाचे मागे, जड खाली.

“मला माझाच कुकर सापडंना,” वहिनी म्हणाली. “तीस वर्षं तिथंच ठेवत व्हते.”

“चुकीच्या जागी ठेवत व्हती.”

“भात तर शिजत व्हता.”

वहिनीने कुकर पुन्हा जुन्या जागी ठेवला. दुसऱ्या दिवशी तो परत खालच्या फळीवर होता. असे चार-पाच दिवस चालले. मग वहिनीने सोडून दिले, आणि त्यानंतर भावानेही फळ्यांना हात लावला नाही. तो सकाळी सातला तयार होऊन बसे. दहाच्या सुमाराला कपडे बदलून घरचे घाली.

रोज संध्याकाळी तो मला कचेरीत फोन करी. “जय भीम. बघितलं का?” एवढेच. कंटेनरच्या नंबरावरून तो कुठे आहे ते जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर दिसे. ते पान त्याच्या फोनवर उघडत नसे. मी पाहून सांगे. कंटेनर एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात कोलंबोला उतरला. त्यानंतर तीन आठवडे पानावर एकच ओळ होती: उतरवला, पुढील जहाजाच्या प्रतीक्षेत. मोठ्या जहाजाने एका वेळी इतके कंटेनर उतरवले होते की पुढे नेणारी लहान जहाजे पुरत नव्हती. मालवाहतूक दलालाने मला तसे सांगितले. मी भावाला सांगितले.

“वर ठेवलाय का खाली?” त्याने विचारले.

“ते दिसत नाही, दादा.”

“खाली असंल तर अजून लांबलं.”

एप्रिलच्या शेवटी ओळ बदलली. कंटेनर मेच्या मध्यावर आफ्रिकेतल्या बंदरात उतरला, तिथून रस्त्याने गेला. वाळूजच्या कारखानदाराला माल मिळाल्याची पोच मेअखेर आली. मी त्याला फोन केला. साठ तंबू मोजून मिळाले, फाटके नाहीत, असे तो म्हणाला. तिकडे पाऊस तीन आठवड्यांपूर्वीच सुरू झाला होता. तोवर माणसे जुन्या तंबूंत आणि एका शाळेच्या पडवीत राहिली. तिघांना तापामुळे हलवावे लागले, असे पोचेसोबतच्या पत्रात होते. ताप तंबूंअभावी आला असे पत्रात म्हटलेले नव्हते. तुकडीने सोबत एक ओळ लिहिली होती, ती त्याने वाचून दाखवली: प्रत्येक तंबूच्या खुंट्या त्याच्याच गठ्ठ्यात असल्याने उभारणी एका दिवसात झाली.

ती ओळ मी त्याच संध्याकाळी भावाला फोनवर सांगितली. तापाचेही सांगितले. त्याने तिघांना कुठे हलवले ते विचारले. ते मला माहीत नव्हते. त्यानंतर त्याने संध्याकाळी फोन करणे थांबवले.

जूनमध्ये गंगापूरच्या पर्यवेक्षकाने पुण्याजवळच्या एका गोदामात नोकरी धरली. मुकादमाने ते घरी येऊन सांगितले. “जागा मोकळी झाली, मेजर. अर्ज टाका. सायब नाय म्हणणार नाय.” वहिनी म्हणाली, “आता नगं.” दुसऱ्या दिवशी भावाने मला बोलावून अर्ज लिहून घेतला. आधीच्या चुकीचा उल्लेख करावा का, असे मी विचारले. करावा, तो म्हणाला. तिसरा परिच्छेद त्याने स्वतः सांगितला: मार्चमधील वजनाची चूक माझी होती, यापुढे वजन काट्याप्रमाणे किंवा मालाच्या यादीप्रमाणेच लिहीन. खाली सही केली, सैन्यातला नंबर लिहिला आणि अर्ज टपालाने पाठवला. हाताने देणे त्याला बरोबर वाटले नाही.

त्यानंतर सकाळी कपडे बदलायची वेळ दहावरून अकरावर गेली. दुपारच्या टपालाच्या वेळेला तो फाटकाजवळ खुर्ची टाकून बसे.

व्यवस्थापकांची मेमध्येच बदली झाली होती. ते आम्हाला ठाऊक नव्हते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात डेपोच्या मुख्य कचेरीकडून उत्तर आले. पत्र दोन ओळींचे होते. अर्ज मिळाला, असे पहिल्या ओळीत होते. सदर डेपोत भरणी-पर्यवेक्षक हे पद आता अस्तित्वात नाही, असे दुसऱ्या ओळीत होते.